‘टू’ काढून लिहा

शालेय इंग्रजी व्याकरणात वर्षानुवर्षं चालत आलेला एक प्रश्न आहे: दोन ‘ओ’वाला ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा. उत्तराचा साचा ठरलेला असतो. ‘टू’च्या जागी ‘सो’, मध्ये ‘दॅट’, पुढे ‘कॅनॉट’ किंवा ‘कुड नॉट’. एवढं केलं की गुण मिळतो. वाक्य काय सांगतंय हे कळलेलं नसलं तरी मिळतो, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

तक्रार लहान आहे हे मला मान्य आहे. शाळांपुढे ह्याहून मोठे प्रश्न आहेत. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. मूल दहा वर्षं ही भाषा शिकतं. शब्द त्याला बऱ्यापैकी येतात, काळही पाठ असतात. अडतं ते सांध्यांपाशी. ‘हाऊ टू’, ‘व्हेदर टू’, ‘सो ॲज टू’, ‘नॉट टू’, ‘टू हॉट टू’ अशा ठिकाणी एखादं अव्यय ‘टू’ आणि क्रियापदाच्या जोडीला येऊन मिळतं, आणि तिथे मुलाच्या हातात समज नसते, सूत्र असतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक सांध्याला मराठीत बिनचूक जोड आहे. ती मुलाला घरून येते. इंग्रजीच्या तासाला तिची आठवण कोणी करून देत नाही.

‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ हे नेहमीचं वाक्य घ्या. चहा इतका गरम आहे की पिववत नाही. ‘पिववत नाही’ ह्या दोन शब्दांत ते सगळं आलं: प्रमाण जास्त झालं आणि म्हणून क्रिया होत नाही. मराठी व्याकरण ह्याला शक्य क्रियापद म्हणतं. आजीला जिना चढवत नाही, हे हाल बघवत नाहीत, असं आपण रोज बोलतो. ‘द बॅग इज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट’ ह्यातला ‘फॉर मी’ कुठून आला, हे मुलांना कोडं वाटतं. बॅग इतकी जड आहे की मला उचलवत नाही. मराठीत ‘मी’चा ‘मला’ होतो, इंग्रजीत ‘फॉर मी’ येतो. दोन मिनिटांत सांगून होतं.

ह्याच चहाच्या वाक्यात आणखी एक खाच आहे. ‘टू हॉट टू ड्रिंक’च्या पुढे ‘इट’ लागत नाही. ‘सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ म्हणताना मात्र ‘इट’ लागतो, कारण आता ते स्वतंत्र उपवाक्य झालं आणि ‘ड्रिंक’ला कर्म हवं. मुलं तो ‘इट’ हमखास विसरतात. का विसरतात, तर मराठीत ‘मला पिववत नाही’ एवढ्यावर भागतं, पुन्हा ‘तो चहा’ म्हणावं लागत नाही. कारण सांगितलं तर मूल पुढच्या वेळी जपेल. आपण लाल शाईने ‘इट’ लिहितो, अर्धा गुण कापतो आणि पान उलटतो.

सूत्र किती घातक आहे ते ‘शी वॉज ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प’ ह्या वाक्यात दिसतं. तिने अगदी आनंदाने मदत केली, असा त्याचा अर्थ. सूत्र लावलं तर होतं ‘शी वॉज सो ग्लॅड दॅट शी कुड नॉट हेल्प’. मदत करणारी बाई एका ओळीत मदत न करणारी झाली. ‘ओन्ली टू’ आला की ‘टू’चा नकार गळतो, ही गोष्ट सूत्रात बसत नाही म्हणून ती शिकवायचीच नाही, असं चालायला नको. नाहीतर तेच मूल पुढे नोकरीत असं वाक्य वाचतं आणि नकार समजून गप्प बसतं.

‘हाऊ टू’ची गोष्ट तर रोज कानावर येते. रस्ता विचारताना आपला माणूस म्हणतो, ‘हाऊ टू गो टू स्टेशन?’ ऐकणारे हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. ‘स्टेशनला कसं जायचं?’ हा मराठीत पुरा, घोटीव प्रश्न आहे आणि त्याने तोच जसाच्या तसा उचलला. इंग्रजीत ‘हाऊ टू’ने सुरू होणारा तुकडा पुस्तकाचं नाव होऊ शकतो, डेल कार्नेगींचं १९३६ सालचं मित्र जोडण्यावरचं पुस्तक तसंच आहे. कोणाला थेट विचारायचं तर ‘हाऊ डू आय गेट टू द स्टेशन?’ लागतं. ‘हाऊ टू’चं खरं स्थान दुसऱ्या वाक्याच्या पोटात. तिथे त्याची मराठी जोड म्हणजे आपला ‘-आवं’: तिथे कसं जावं कळत नाही, काय करावं सुचेना, केव्हा निघावं ते ठरलं नाही. ‘हाऊ टू’, ‘व्हॉट टू’, ‘व्हेन टू’, सगळे ह्या एका प्रत्ययाने उघडतात. अपवाद ‘व्हाय’चा. ‘का जावं’ आपण म्हणतो, पण इंग्रजीत वाक्याच्या पोटात ‘व्हाय टू गो’ सहसा चालत नाही, ‘व्हाय आय शुड गो’ म्हणावं लागतं. अपवाद आहे एवढं सरळ सांगावं.

‘जावं की जाऊ नये’ म्हणजे ‘व्हेदर टू गो’. पुष्कळ गाइडं ‘व्हेदर म्हणजेच इफ’ असं सांगून मोकळी होतात. पूर्ण उपवाक्य असेल तर बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात, पण पुढे ‘टू’ आला की ‘इफ’ला तिथे जागा नाही. तसंच ‘सो दॅट’चं. मुलं ‘सो दॅट टू पास’ लिहितात. ‘पास व्हावं म्हणून’ आणि ‘पास होण्यासाठी’ ह्यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘सो दॅट’पुढे पूर्ण वाक्य आणि ‘सो ॲज’पुढे ‘टू’ हेही कळेल. ‘उशीर होऊ नये म्हणून’ हे बोलणाऱ्या मुलाला ‘सो ॲज नॉट टू’ परकं का वाटावं?

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. माझ्या भाचीने निबंधात लिहिलं होतं, ‘शी बिगॅन टू स्लोली ओपन द डोअर’. ‘टू’ आणि ‘ओपन’ ह्यांच्या मध्ये ‘स्लोली’ आला म्हणून त्यावर लाल वर्तुळ, समासात ‘रूल’ एवढाच शब्द आणि गुण कापलेला. त्याच आठवड्यात त्याच शाळेचं परिपत्रक घरी आलं: ‘पेरेंट्स आर रिक्वेस्टेड टू काइंडली अटेंड’. तिथेही ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण बसलेलं आहे. परिपत्रकाला माझी हरकत नाही. मुलीला वेगळा न्याय का, ही हरकत आहे.

शिवाय हा नियम मुळातच कच्चा आहे. कॅन्टरबरीचे डीन हेन्री ऑल्फर्ड ह्यांनी १८६४ मध्ये इंग्रजीच्या वापरावर एक पुस्तक काढलं. इंग्रजी बोलणारे-लिहिणारे ‘टू’ आणि क्रियापदाची अशी फोड करतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात अशी फोड मध्ययुगीन इंग्रजीतही सापडते. एच. डब्ल्यू. फाउलर ह्यांनी १९२६ च्या आपल्या कोशात फोडीच्या भीतीची चांगली झाडाझडती घेतली: वाक्य संदिग्ध किंवा ओढूनताणून केलेलं होत असेल, तर फोड केलेली बरी, असं त्यांचं मत. म्हणजे इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी ज्याचा फेरविचार केला, त्यावर आपण आज गुण कापतो.

आणि फोड कधीकधी लागतेच. सोसायटीच्या फलकावर ‘द कमिटी डिसायडेड इमीजिएटली टू स्टॉप द सप्लाय’ असं लिहिलं तर लगेच काय झालं? ठरवणं लगेच झालं, की पुरवठा लगेच बंद होणार? रहिवाशाला बादल्या आत्ता भरायच्या की संध्याकाळी, हे त्यावर अवलंबून आहे. ‘डिसायडेड टू इमीजिएटली स्टॉप’ म्हटलं की शंका संपली. ‘समितीने तात्काळ पुरवठा बंद करण्याचा निर्णय घेतला’ ह्या मराठी वाक्यातही तीच संदिग्धता आहे, आणि ‘पुरवठा तात्काळ बंद करण्याचा’ म्हटलं की ती जाते. शब्द त्याच्या क्रियेजवळ ठेवायचा, हा दोन्ही भाषांतला शहाणपणा एकच. माझ्या भाचीने ‘स्लोली’ ‘ओपन’जवळ ठेवला, तेव्हा तिने तेच केलं होतं.

मला मोठं काही नको. पाठ्यपुस्तकात एक पान द्या, ज्यावर ‘पिववत नाही’, ‘कसं जावं’, ‘होऊ नये म्हणून’ हे एका बाजूला आणि त्यांच्या इंग्रजी जोड्या दुसऱ्या बाजूला असतील. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून ते पान शिकवावं. ‘टू’ काढायला सांगण्याआधी तो वाक्यात काय करतोय हे विचारावं. आणि वाक्यावर लाल वर्तुळ करायचं असेल, तर ते चूक का आहे हे समासात एका ओळीत लिहावं. ती ओळ लिहिता येत नसेल, तर मुलाला पूर्ण गुण द्यावा.