खाकी वर्दीतले समीक्षक

मराठी रॅपला समीक्षक नाहीत, ही तक्रार साफ खोटी. एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांनी राज मुंगासे आणि वडाळ्याचा उमेश खाडे या दोघांची गाणी इतक्या मन लावून ऐकली की थेट गुन्हेच नोंदवले. एवढ्या बारकाईने आपल्या साहित्य संस्थांनी कोणता तरुण कवी वाचलाय? मुंगासेने तर कुणाचं नावही घेतलं नव्हतं. गाण्यातले खोके कुणाचे, हे तक्रारदारांनीच अचूक ओळखलं. रसिकता म्हणतात ती हीच!

परळ-लालबागला हे नवं नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर हे शाहीर गिरणगावात डफ घेऊन उभे राहायचे, तेव्हाही सरकारचे कान तिखट होते. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यावर बंदी आली होती. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि पोरं दहा बाय बाराच्या खोलीत, पंखा बंद करून, मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. निवडणूक लागली की मात्र प्रत्येक पक्षाला प्रचारासाठी रॅप हवं असतं. तेव्हा तो ‘तरुणाईचा आवाज’, एरवी बदनामी.

तेव्हा पोरांनो, गाण्याच्या बजेटमध्ये माइकच्या आधी वकिलाची फी धरा.