टेबलाला समास

उपनगरातल्या घरात कुठलाही सपाट पृष्ठभाग रिकामा राहत नाही. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये लिहायचं टेबल आहे आणि ते माझं आहे, असं फक्त मलाच वाटतं. इस्त्रीचे कपडे आले की टेबलावर. मेंटेनन्सचं बिल, पुनर्विकासाच्या सभेची नोटीस, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेला गणपती, सगळं टेबलावर. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्याही तिथेच. “डोळ्यांसमोर असल्या की विसरायला होत नाही गं!” बाल्कनी केव्हाच खोलीत घेतलेली, माळा गच्च. वस्तूंनी तरी जायचं कुठे?

त्यात माझे दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, तेव्हा आपल्यामुळे मुलुंडच्या एका बाईला पुढे कोपर टेकायला जागा उरणार नाही, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

लेख अडला की मला आवराआवरीचा झटका येतो. अशा वेळी मेरी कोंडो या जपानी बाईंचं ऐकावं म्हणतात. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाही तर निरोप द्यायचा. मी गोळ्या हातात घेतल्या. आनंद काही झाला नाही. टाकू? पुढे तिसऱ्या मुलानंतर आपणही घर टापटीप ठेवण्याचा नाद जवळजवळ सोडला, असं कोंडोबाईंनीच २०२३ मध्ये सांगून टाकलं. तेव्हापासून त्या मला थेट घाटकोपरच्या वाटतात.

उलट बाजूचेही पंडित आहेत. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये असा निष्कर्ष काढला, की पसारा असलेल्या खोलीत बसलेल्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे जास्त कल्पक उपयोग सुचले. सुचणारच. त्या पसाऱ्यात त्यांच्या नवऱ्याचा चष्मा नव्हता आणि तो शोधायला कुणी येत नव्हतं.

मला रामदासांचं पटतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षराच्या वळणापासून शाई-कागदापर्यंत सगळं आहे आणि एक फार व्यवहारी सूचना आहे: कागदाच्या चहूबाजूंनी जागा मोकळी सोडा, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. टेबलाचं काय करावं, हे मात्र ते सांगत नाहीत. बोहल्यावरूनच निघून गेलेल्या माणसाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे कोण ठेवणार? दुर्गाबाई भागवतांनी वर्षानुवर्षं एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून अभ्यास केला. त्यांनीही लग्न केलं नाही. हा निव्वळ योगायोग नसावा.

मला रोज फोर्ट गाठणं जमायचं नाही. अगदीच गळ्याशी आलं तर महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय मुलुंडमध्येच आहे. पण घरातल्या घरात मी रामदासांची सूचना कागदावरून टेबलावर आणली. वहीच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी, तिथे कुणाचाही हक्क नाही. त्यापलीकडे काय हवं ते ठेवा. इस्त्रीच्या कपड्यांना प्लास्टिकचं स्टूल दिलं. गणपती फ्रिजवर बसला. गोळ्यांना मात्र समासात राहायची परवानगी आहे. सासूबाईंशी वाद घालून कुणाला लेख सुचल्याचं ऐकिवात नाही.

वीतभराने फरक पडतो. नजर वहीवरून उचलली की लगेच बिलाच्या रकमेवर आपटत नाही, मध्ये थोडं लाकूड दिसतं. तेवढ्यात पुढचं वाक्य सुचलं तर सुचतं.

प्रश्न उरला दिवाळी अंकांचा. रद्दीवाला म्हणतो, गुळगुळीत कागदाला भाव नाही. त्याच्या काट्यावर कथा, कविता आणि वार्षिक राशिभविष्य एकाच दराने जातात, ते मला बघवत नाही. तेव्हा वाचकहो, कुणाला हवे असतील तर मुलुंडला येऊन घेऊन जा. चहा मी देईन, पिशव्या तुमच्या आणा. आणि येताना कृपा करून भेटवस्तू आणू नका.