ड्रायव्हर टिकत नाहीत हो!

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून म्हाळुंगे-खराबवाडीपर्यंत कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात शिरा. गणपतीच्या तसबिरीखाली बसलेले शेठ चहा सांगतात आणि चहा यायच्या आत सुरू होतात, "धंद्याचं विचारू नका. ड्रायव्हर टिकत नाहीत हो!" सून नांदत नाही म्हणून गावभर सांगणाऱ्या घरात सासू कशी आहे हे जसं कुणी विचारत नाही, तसं इथेही कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. चहा पिऊन उठतात.

बरं, हे रडगाणं कुठलं? तर २४० दिवस भरायच्या आत कंत्राटी पोराला ब्रेक देणाऱ्या पट्ट्यातलं. कंपनीने पोराला सात महिन्यांत घरी पाठवलं तर ते नियोजन. ड्रायव्हरने शेठला दोन महिन्यांत सोडलं की तो नमकहराम. वर सल्ले फुकट! गावाकडचा मामा, ढाब्यावरचा उस्ताद, सगळ्यांचं एकच पालुपद : "एक वर्ष तरी काढ बाबा." कुणाकडे काढायचं, हे मात्र एकही जण सांगत नाही.

म्हणून हेवी लायसन्सची शाई वाळायच्या आत ज्याला "सोडू का?" असं वाटू लागलंय, त्या नव्या ड्रायव्हरसाठी चार शब्द.

समोरचा दोन हजार जास्त देतो एवढ्यासाठीच निघाला असशील, तर जरा थांब. या धंद्यात पगाराचा आकडा फसवा असतो. खरा पगार कपातीनंतर कळतो. चाकणचा तळेगाव चौक घे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांच्या अंगावर येतात. माल भरलेली दहाचाकी पहिल्या गिअरमध्ये, डावा पाय क्लचवर, पुढे आडवा घातलेला टेम्पो, उजवीकडून उलट्या दिशेने घुसलेली कामगारांची बस. सिग्नल तीनदा सुटतो, गाडी चार हात सरकते, इंजिन धडधडतच राहतं. महिनाअखेरीला शेठचा कॅल्क्युलेटर बाहेर येतो. लिटरला चारचं ॲव्हरेज ठरलं होतं, साडेतीनच पडलं, फरक तुझ्या पगारातून. म्हणजे रस्ता सरकारचा, कोंडी सगळ्या गावाची आणि डिझेल तुझं! (रस्ते वाहतुकीचा अभ्यास करणारी सीआयआरटी १९६७ पासून आहे आणि ती याच पुणे-नाशिक रस्त्यावर, अलीकडे भोसरीला आहे. अभ्यास चालू असावा.)

या कपातीचा पुढचा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचं डिझेल पगारातून कापलं जातं, तो उतार दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. धीट असेल तर इंजिनही बंद करतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. दोन-चारदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते, स्टिअरिंगही जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासात पुढे आलं. खापर ड्रायव्हरवर फुटलं, ते ठीकच. ॲव्हरेजच्या वहीला मात्र कुणी आरोपी केलं नाही. तेव्हा कोंडीतलं डिझेल पगारातून कापणारा शेठ भेटला, तर वर्ष कसलं मोजतोस? पहिल्या महिन्याचा हिशोब घे आणि नीघ.

दुसरी गोष्ट हॉल्टिंगची. कंपनीच्या गेटवर तुझी गाडी सकाळी लागते. सेफ्टी शूज बघतात, जॅकेट बघतात, कागद बघतात, मग बाजूला लावायला सांगतात. आत जागा नाही. तू रस्त्याच्या कडेला केबिनमध्ये, टूलबॉक्समधला स्टोव्ह काढून भात लावतोस, कॅनच्या पाण्याने तोंड धुतोस. गेटच्या आतलं स्वच्छतागृह तुझ्यासाठी नसतं, कारण तू व्हिजिटरही नाहीस आणि कामगारही नाहीस. रात्री नंबर लागतो. या खोळंब्याचे पैसे बरेच गाडीमालक कंपनीकडून लावून घेतात. त्यातले तुला किती? नव्या शेठकडे पगार विचारण्याआधी हे विचार. तो खोकला किंवा त्याने विषय बदलला, तर उत्तर मिळालं.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिलं होतं. तेवढे तास चाकणमध्ये नुसत्या गेटवर जातात. २०२५ पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. फक्त तो एसी चालवल्यावर पडलेलं ॲव्हरेज कुणाच्या खात्यात, हेही आधीच विचारून ठेव. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हर गाड्या सोडून उतरले, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सरकारने ते कलम लांबणीवर टाकलं. त्या दोन दिवसांत ड्रायव्हरची किंमत सगळ्यांना कळली. तिसऱ्या दिवशी भत्ता होता तेवढाच राहिला.

आता तुझ्याही बाजूचं थोडं कडू. काल आयशर, आज दहाचाकी, उद्या बंदराच्या लाइनवर ट्रेलर, अशी उडी मारू नकोस. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे जेएनपीटीच्या यार्डात मागे रांग लागलेली असताना शिकायचं नसतं. बोरघाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरायचा, हे पायात मुरायला वेळ लागतो. डॉकला गाडी सरळ लावणं, रस्सा-ताडपत्री आवळणं यातच पहिलं वर्ष जातं आणि ते वाया गेलेलं नसतं. शेठ हवे तेवढे बदल, गाडीची जात एवढ्यात बदलू नकोस. आणि "हेवी नसलं तरी चालतंय, बस" असं कुणी म्हणालं तर बसू नकोस. हलक्या लायसन्सवर साडेसात टन एकूण वजनापर्यंतची मालगाडी चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याच्यावरची चालत नाही. अपघात झाला की "चालतंय" म्हणणारा फोन उचलत नाही.

सोडायचं ठरलंच, तर रात्री चावी टायरवर ठेवून गायब होऊ नकोस. उचल घेतली असेल तर ती फेड किंवा हिशोबात वळती करून घे. गाडीच्या नंबरावर कुठली ई-चलानं आहेत ते मोबाइलवर बघून घे, नाहीतर मागच्या ड्रायव्हरचा दंडही तुझ्या माथी मारतील. शेठच्या ड्रॉवरमध्ये अडकलेलं लायसन्सचं कार्ड मागून घे. नाहीच दिलं तर डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, त्या कार्डापायी महिनाभर ओलीस राहायचं कारण नाही. राहिलेला पगार, भत्ता, कपात, सगळं एका कागदावर लिहून त्यावर शेठची सही घे आणि कागदाचा फोटो काढ. गाडीची चावी त्यानंतरच टेबलावर ठेव.