सामने वगळून क्रीडांगण

क्रिकेटची मोठी क्रीडांगणे खेळाच्या उत्कर्षासाठी बांधली जातात असा समज सार्वत्रिक असला, तरी जुने दफ्तर उघडून पाहण्याची तसदी जो घेईल त्यास असे आढळेल, की निदान आपल्या मुलखात ती पास आणि तिकिटे यांच्या वाटणीवरून माजलेल्या तंट्यांतून जन्मास आली आहेत. मुंबईत ब्रेबॉर्न मैदानाचे मालक आणि तेथील क्रिकेट संघटना यांच्यात खुर्च्यांच्या हिश्शावरून बिनसले, तेव्हा शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान उभे राहिले आणि 1975 च्या जानेवारीत तेथे कसोटी सामनाही झाला. पुण्यास स्वारगेटचे नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे. तेथेही संघटना आणि पालिका यांच्यात पासांवरूनच वाजले. परंतु मुंबईकरांचा राग अर्ध्या मैलात शमला, आणि पुणेकरांचा राग, तो मुळातच टिकाऊ असल्यामुळे, शहर ओलांडून, पिंपरी-चिंचवड ओलांडून, द्रुतगती मार्गाच्या कडेने थेट मौजे गहुंजे, तालुका मावळ येथे जाऊन थांबला. 1 एप्रिल 2012 रोजी त्या रागाचे रीतसर उद्घाटन झाले. तारखेवरून कोणी विनोद करू नये.

क्रीडांगण देखणे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. इंग्लंडातील नामांकित वास्तुशास्त्रज्ञ मायकेल हॉपकिन्स यांच्या कचेरीने त्याचा आराखडा केला, सदतीस हजारांच्या आसपास माणसे त्यात बसतात, आणि द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यास त्याची शुभ्र छत्रे डोंगराच्या पार्श्वभूमीवर शोभून दिसतात. आरंभी त्यास सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव होते; पुढे व्यवहार फिसकटला आणि नाव उतरवण्यात आले. नाव उतरले तरी आसपासच्या जमिनीचा भाव उतरला नाही, यावरून त्या परिसराची चारित्र्यसंपन्नता ध्यानी यावी.

या भावाची कथा मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. क्रीडांगणापूर्वी त्या भागात जमिनीचा सौदा एकरावर होत असे. क्रीडांगण येणार अशी कुणकुण लागताच सौदा गुंठ्यावर आला, आणि इमारतींचे नकाशे मंजूर होऊ लागताच तो चौरस फुटावर उतरला. एकराचे गुंठे चाळीस आणि गुंठ्याचे चौरस फूट एक हजार एकोणनव्वद, हे अंकगणित शाळेत सर्वांनीच केलेले असते. पण ज्याने एकराने विकले आणि ज्याने चौरस फुटाने विकत घेतले, त्या दोघांच्या मध्ये उभे राहण्याची बुद्धी ज्यास झाली, त्यासच या गणिताचे पुरते गुण मिळाले. मूळ धनी खरेदीखतावर अंगठा किंवा सही करून मोकळा झाला. त्याच्या घरी एक मोठी मोटार आली, दारात मांडव पडला, आणि सातबारा, जो पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत राहत असे, तो कायमचा परगावी गेला. ज्यांनी विकले नाही त्यांच्या घरी वेगळाच सोहळा झाला. तीस-तीस वर्षे माहेरी भाऊबीजेपुरत्या येणाऱ्या बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी सन्मानाने आणवण्यात आले, आणि त्यांतल्या काहींनी सही न करता वाटपाचा दावा लावला. मोजणीदार येऊन खुणा रोवून गेला, बांध हातभर इकडे की तिकडे यावरून चुलत्या-पुतण्यांचे बोलणे बंद झाले. क्रीडांगणामुळे खिलाडूवृत्ती वाढीस लागते, असे कोनशिलेजवळच्या भाषणांत नेहमी सांगितले जाते.

आता ग्राहकाकडे वळू. अशाच एका गृहसंकुलाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये निवृत्तीच्या पैशांची सोय लावण्यास आलेले एक दांपत्य आणि त्यांना गॅलरीत नेणारा विक्रेता यांचा संवाद प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला. “सर, इथं उभं राहिलं की स्टेडियम दिसतं. तिकिटाचे पैसे वाचले समजा!” गृहस्थांनी कठड्यावरून शरीराचा निम्मा भाग बाहेर काढला, तेव्हा शेजारच्या अर्धवट इमारतीच्या परांचीपलीकडे त्यांना पांढऱ्या छताचा एक कोपरा दिसला. बाईंचे मन अधिक व्यवहारी होते. “आणि मॅच नसेल तेव्हा काय दिसतं?” विक्रेता क्षणभरही अडखळला नाही. “तेव्हा व्ह्यू असतो, काकू.” त्या छताच्या कोपऱ्याबद्दल दर चौरस फुटामागे जी अधिक रक्कम आकारली जात होती, ती पाहता मैदानावरील सर्वांत महागडी बैठक मैदानाबाहेरच आहे, अशी आमची खात्री झाली.

कोणी चिकित्सक येथे हरकत घेईल, की भाव वाढला तो क्रीडांगणामुळे कशावरून? द्रुतगती मार्ग 2002 सालीच पूर्ण झाला होता, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील नोकरदारांस घरे हवीच होती, तळेगावकडे कारखाने वाढतच होते. यात कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. अर्थशास्त्र्यांनीही परदेशांतील क्रीडांगणांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून बहुतांशी हाच निकाल दिला आहे, की सरकारी पैशाने बांधलेली मैदाने त्या त्या गावास जेवढी भरभराट कबूल करतात तेवढी देत नाहीत. जो पैसा माणूस मैदानावर खर्चतो तो एरवी त्याने गावातच अन्यत्र खर्चला असता. हरकत रास्त आहे. पण द्रुतगती मार्गाचे चित्र माहितीपत्रकावर छापले तर त्यात मालमोटारी दिसतात आणि हिंजवडीचे छापले तर वाहनांची रांग दिसते. हिरवळीचे चित्र तेवढे निष्कलंक असते. यास्तव श्रेय हिरवळीस देण्यात आले, आणि जो ते घेण्यास नकार देत नाही त्याच्याकडेच श्रेय राहते.

उपद्रव होतो तो सामन्याच्या दिवशी. त्या दिवशी सकाळपासून सेवारस्ते वाहनांनी तुंबतात, किवळे आणि मामुर्डीच्या रहिवाशांस आपल्याच घराकडे जाण्यासाठी आपलेच ओळखपत्र दाखवावे लागते, आणि रात्री सामना सुटल्यावर खिडकीशी बसून मैदानाचा ‘व्ह्यू’ पाहण्याऐवजी गाड्यांचे मागचे तांबडे दिवे पाहावे लागतात. या सर्व गोंधळात एकच माणूस प्रसन्न दिसतो, तो म्हणजे न विकलेल्या खाचराचा धनी. भात निघून गेल्यावर मोकळ्या राहिलेल्या त्या रानाचा बांध तो एका ठिकाणी फोडतो, पुठ्ठ्यावर ऑइलपेंटने ‘पार्किंग’ असे लिहून तो पुठ्ठा बाभळीला टांगतो, आणि सामना जितका मोठा तितका दर लावून रोख पैसे घेतो. ढेकळांत मोटारीचे चाक रुतले तर ढकलायलाही तोच येतो. त्याचे पैसे वेगळे. सर्व योजनेत रोखीचा आणि उघड व्यवहार तेवढा हाच असल्यामुळे, तो बेकायदेशीर असावा अशी शंका येते.

जमीनमालक, दलाल, विक्रेता आणि खरेदीदार यांचे हित क्रीडांगणाच्या अस्तित्वात आहे आणि या सर्वांचा त्रास केवळ सामन्यांपासून उद्भवतो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे सामने वगळून क्रीडांगण ठेवावे ही आमची नम्र सूचना कोणासही चमत्कारिक वाटू नये. गहुंजेचे मैदान स्वतःच त्या दिशेने निष्ठेने वाटचाल करीत आहे. तेथे 2017, 2019 आणि 2024 साली झालेल्या तीन कसोटी सामन्यांस नियमाने पंधरा दिवस लागावयास हवे होते. ते दहा दिवसांत आटोपले. पहिला तर तिसऱ्याच दिवशी संपून ऑस्ट्रेलियाने आपणांस 333 धावांनी हरवले, आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळपट्टीस ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. शेजाऱ्यांचे दोन दिवस वाचवणारी खेळपट्टी निकृष्ट कशी, याचा विचार परिषदेने केलेला दिसत नाही. आयपीएलमधील पुण्याचा एक संघ 2013 साली लयास गेला, दुसरा 2016 आणि 2017 असे दोनच हंगाम टिकला, आणि 2018 साली चेन्नईचा संघ कावेरीच्या तंट्यामुळे निर्वासित होऊन येथे आश्रयास आला होता, तोही परत गेला.

पाण्याच्या दृष्टीनेही हेच इष्ट आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. हिरवळीस पाणी का, हा त्या वेळचा प्रश्न होता. 2024 च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत तो उलटा झाला. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांस उन्हात प्यावयास पाणी मिळेना, घोषणा झाल्या, आणि संघटनेस दिलगिरी व्यक्त करावी लागली. सामनाच नसता तर प्रेक्षक नसते, प्रेक्षक नसते तर तहान नसती.

भिवंडीजवळ आमणे येथे, समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी, एक लाख प्रेक्षकांचे मैदान बांधण्याचा मुंबईच्या संघटनेचा मनोदय 2024 सालापासून वर्तमानपत्रांत गाजतो आहे. तेथे आमच्या योजनेचा पहिल्यापासूनच अवलंब करता येईल. कुंपणाची भिंत, कोनशिला, आणि महामार्गाकडे तोंड करून एक भव्य फलक एवढ्यावर चौरस फुटाचा भाव निश्चित होतो. बाकीचे बांधकाम अनाठायी होय. गहुंजेचे बांधून झालेच आहे, त्यास इलाज नाही.

योजनेवर आजवर एकच हरकत आली आहे, ती पार्किंगवाल्या शेतकऱ्याची. सामने बंद झाले तर त्याचे वर्षाचे रोख उत्पन्न बुडते. त्यास मोबदला म्हणून आम्ही असे सुचवले, की बारमाही पाणी मिळणारे ते मैदान त्याने संघटनेकडून अर्धेलीने कसावयास घ्यावे आणि मावळच्या लौकिकाप्रमाणे त्यात इंद्रायणी लावावा. त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि नकार दिला. “त्या मैदानाखाली वाळू भरलीया, पाव्हणं,” तो म्हणाला. “पाऊस पडला की घटकाभरात निचरा. त्यात भात उभा राहील व्हय?”