पत्र्याच्या रांगा मंजूर करणाऱ्या साहेबांस

साहेब,

दरड कोसळली की आठवड्याच्या आत तुमची फाइल तयार असते. कंटेनर इतके, शौचालये इतकी, मुदत काही महिन्यांची. आडोसा तातडीने लागतो आणि तो तुम्ही देता, त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते मुदतीशी. ती खोटी आहे हे लिहितानाच तुम्हाला ठाऊक असते.

माळीणवर डोंगर आला ३० जुलै २०१४ रोजी. १५१ माणसे गेली. वाचलेल्यांना आमडे गावात पक्की घरे मिळाली एप्रिल २०१७ मध्ये. तळियेची दरड २२ जुलै २०२१ ची. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा तळियेची कुटुंबे अजून कंटेनरमध्येच होती. आणि इर्शाळवाडीच्या लोकांनी आपल्या माणसांचे वर्षश्राद्धही चौक गावच्या कंटेनरांत राहूनच केले. जमीन ठरायची, आराखडा व्हायचा, निविदा निघायची, यात दोन-तीन वर्षे जातात हे तुमच्याच दप्तरात लिहिलेले आहे. मग पहिल्याच दिवशी तीन वर्षे लिहा, आणि तीन वर्षे राहता येईल असा निवारा द्या!

आत काय चालते ते सांगतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, माणसे झाडाखाली येऊन बसतात. बाळंतिणीने कुठे जायचे? जुलैत पाऊस सुरू झाला की पत्र्यावरच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. ज्या बाईने भर पावसात डोंगर खाली येताना ऐकला, तिला तुम्ही तोच पाऊस डोक्यावर दसपट मोठ्याने ऐकवता. सासू, सून, दीर, वयात आलेली मुलगी, सगळी एका खोलीत. चुलीला जागा नाही, ओटा नाही. गोठ्याला जागा नसल्यामुळे दुभती म्हैस विकावी लागते, म्हणजे दरडीतून वाचलेले तुमच्या रांगेत जाते. निवाऱ्यासाठी माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी, असा आंतरराष्ट्रीय स्फिअर निकष आहे. प्रत्येक छावणीच्या दारावर माणशी जागा मोजून लिहा, एवढे तरी कराल?

आणि ज्यांना तुम्ही डब्यात बसवलेत त्यांना घर बांधता येते, हे तुम्ही विचारात घेतच नाही. इर्शाळवाडीचे लोक ठाकर. कारवीचा कूड विणून त्यावर शेणमातीचा लेप देणे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतरच्या काही वर्षांत, पडझड झालेली लाखाहून अधिक घरे घरमालकांनी सरकारी मदत घेऊन स्वतः दुरुस्त व मजबूत करून घेतली. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी पडलेल्या घरांच्या राडारोड्यावर पाया घातला, भिंतींना कागदी नळ्या वापरल्या आणि वर बांबूचे छत घातले. कंटेनरवाचून निवारा होतो, हे तेव्हाच दिसले आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. सुरक्षित जागा द्या. बांबू, वासे, पत्रे, ताडपत्री, एक जाणता सुतार आणि रोख मजुरी द्या. पत्र्याखाली गवताचा थर घालू द्या, पुढे पडवी काढू द्या. हा निवारा लोक स्वतः उभा करतील. पक्के घर मिळाले की तोच बांबू आणि तेच पत्रे गोठ्याला लागतील. कंटेनर मात्र ट्रकवर चढून परत जातो, कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही.

दरडप्रवण गावांच्या याद्या तुमच्याकडे आहेत. प्रत्येक गावासाठी पर्यायी जागा मे संपण्याआधी मोजून ठेवा, बांबूचा साठा तालुक्यात आणून ठेवा, आणि पक्क्या घराच्या तारखेखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहा. ते नाव तुमचे असेल तर ठळक अक्षरात लिहा.