झोप झाली नाही का?

मला झोप उत्तम लागते. दहाला पाठ टेकली की सहाला दूधवाल्याची बेल ऐकूनच उठतो. पण ही गोष्ट माझ्या डोळ्यांना कुणी सांगितलेली नाही. पन्नाशी उलटल्यापासून वरच्या पापण्या दुपारच्या दुकानाच्या शटरसारख्या अर्ध्यावर येऊन थांबल्या आहेत, आणि खाली लग्नघरातल्या शिल्लक उशांसारख्या दोन पिशव्या. ताजातवाना होऊन जिना उतरावा, तर पहिला शेजारी विचारतो, "झोप झाली नाही का?" असं तिघांनी विचारलं की नऊच्या सुमारास मला खरोखरच जांभई येते. भाजीवाल्या मावशी तर काही विचारतही नाहीत; कोथिंबिरीच्या जुडीवर आणखी चार काड्या ठेवतात.

शेवटी पुतणी एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि कापसाच्या काडीने पिशवी हलकेच दाबली. "काका, ही चरबी. डोळ्याला टेकायला गादी असते, तिच्यापुढचा पडदा सैल झाला की ती पुढे येते. झोपेचा दोष नाही." कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी बेत समजावला. बुबुळ झाकायला धातूची वाटी, खालची पापणी आतून उघडायची म्हणजे बाहेर वण नाही, वरचा टाका पापणीच्या घडीत लपवायचा. चांगला शिंपी दुमडीत लपवतो तसा. आणि सुरीऐवजी लेसर, कापता कापताच बारीक रक्तवाहिन्या मिटवत जाणारा.

या कामाला बहुधा कार्बन डायऑक्साइडचा लेसर वापरतात. तो 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. उसाच्या मुलखातून निघालेली वाट माझ्या पापणीपर्यंत येईल असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. त्या लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी डोळ्यांची डागडुजी तोच करतो. पाणी त्याला चटकन पिऊन टाकतं. कातडीतल्या पाण्याची वाफ होते आणि तेवढीच जागा कापली जाते. पाण्यावर चालणारं हत्यार डोळ्याच्या इतक्या जवळ न्यायचं, म्हणजे भलतंच धाडस!

"एकच जपावं लागतं," बाई म्हणाल्या, "पापणीचं कातडं अंगावरचं सगळ्यात पातळ, मिलिमीटरभरही नाही. जास्त कापलं गेलं तर झोपेत डोळा पुरता मिटत नाही."

मला एकदम आमचे वडील, अण्णा, दिसले. सोलापुरात गिरणीत त्यांची रात्रपाळी असे. सकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन यायचे, चहा घेऊन आडवे व्हायचे, आणि दिवसभर घरात पत्त्यांचा डावसुद्धा कुजबुजत चालायचा. त्यांच्या पापण्यांवर कुणी लेसर चालवला नव्हता, तरी त्या झोपेत पूर्ण मिटत नसत. खाली एक पांढरी रेघ राहायची. अण्णा झोपेतूनही बघतात अशी आमची खात्री होती, म्हणून बदाम सात खेळताना आम्ही लबाडीही बेतानेच करायचो. डोळ्यांखालच्या पिशव्या त्यांनाही होत्या, पण त्यांनी त्या एकेक रात्र जागून कमावल्या होत्या. माझ्या वडिलोपार्जित. आठ तास झोपून मी त्या फुकट मिरवतो आणि वर कोथिंबीर घेतो.

घरी आल्यावर आरशासमोर एक डोळा मिटून दुसऱ्याने तो मिटलाय का हे पाहायचा प्रयत्न केला. जमला नाही. रात्री बायकोला विचारलं, "मी झोपलो की माझे डोळे नीट मिटतात का गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "किंचित फट राहते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून."

शस्त्रक्रियेची तारीख मी अजून घेतलेली नाही.