हेडरवाले सबनीस

सबनीस तुमच्याही ऑफिसात असतीलच. नाव वेगळं असेल. पण तुमच्या खुर्चीमागे येऊन, स्क्रीनकडे न बघताच, "हेडर बघितलंस?" असं जे विचारतात, तेच ते.

सर्व्हरनं मजकूर पाठवताना तो कुठल्या एन्कोडिंगमधला आहे हे हेडरमध्ये सांगायचं असतं. पुष्कळ सर्व्हर सांगत नाहीत. मग पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी जुन्या नियमाला जागून तो लॅटिन-1 धरते आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ मारलेले रोमन 'ए' आणि चलनाची चिन्हं उमटतात. आपण कपाळाला हात लावतो. सबनीस हरखतात. "ज्ञानेश्वर म्हणजे दहा कोडपॉइंट, प्रत्येकी तीन बाइट, एकूण 30. दोन हलन्त आणि एक मात्रा, म्हणजे येनची चिन्हं तीन. मोज!" आम्ही मोजतो. तीनच निघतात. त्याचाच जास्त राग येतो.

परवा केमिस्टला डॉक्टरांची चिठ्ठी लागेना. सबनीस म्हणाले, "आधी हेडर बघा." त्यानं निमूटपणे लेटरहेड वाचलं. डॉक्टर दातांचे निघाले आणि औषधही लागलं! तेव्हापासून सबनीस आणखीच अवघड झालेत.

एका नव्या पोरानं चार जीबीची फाइल एका घासात मेमरीत ओढली आणि मशीन आडवं पाडलं. सबनीसांनी त्याला स्ट्रीम चालू करून 8192 बाइटचे तुकडे घ्यायला लावले. पोरगं प्रत्येक तुकडा आला की तिथल्या तिथे डीकोड करू लागलं. "8192 ला तीननं भाग जातो का रे?" जात नाही, दोन उरतात. सलग देवनागरी असेल तर अक्षराचे दोन बाइट अलीकडे, तिसरा पलीकडे. "ते दोन धरून ठेव, पुढचा तुकडा येईपर्यंत. इन्क्रिमेंटल डीकोडर कशाला असतो?" आणि जाता जाता, अर्थातच, "हेडर बघितलंस?"

आता नाइलाजानं सांगतो. ठिबक सिंचनाच्या लाभार्थ्यांची एक यादी आमच्याकडे आली होती. बरीच नावं गिचमिड. ती सबनीसांनी घटकाभरात उलटी फिरवून सरळ केली. लॅटिन-1 मध्ये वाचलं तरी बाइट शाबूत राहतात. पण काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. कुणीतरी आधीच तशी साठवलेली. तिथे मूळ बाइटच उरलेले नसतात, कोड काही करू शकत नाही. मॅनेजर म्हणाला, तेवढ्या ओळी गाळा. सबनीस काही बोलले नाहीत. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून यादीतले नंबर फिरवत बसले. "नमस्कार काका, तुमचं नाव जरा सावकाश सांगता का? हो, वडिलांचंही."

सगळी नावं भरली गेली. ते तास कुठल्या खात्यावर टाकायचे, यावर पुढच्या मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली.